गावठी कोंबड्यांच्या पायांना लागलेली खरूज: काय केले, काय चुकले

परसदार:

नमस्कार. राजापूर तालुक्यात आमच्या घराच्या मागच्या पडवीला लागून खुराडे आहे. त्यात सध्या अकरा पक्षी आहेत: सात गावठी कोंबड्या, एक कोंबडा आणि दिवाळीनंतर आठवडा बाजारातून आणलेल्या तीन कडकनाथ तलंगा, म्हणजे काळ्या जातीच्या तरुण कोंबड्या. व्यवसाय म्हणून हे करत नाही. घरापुरती अंडी मिळतात आणि वर्षातून एकदोन खुडूक कोंबड्या बसवून पिल्ले काढतो, एवढाच पसारा.

गेल्या महिन्यात एका कडकनाथ तलंगेच्या पायांवर पांढरट भुकटी दिसली. काळ्याभोर पायांवर कुणीतरी तांदळाचे पीठ भुरभुरवावे तशी ती दिसत होती. चिखल वाळला असेल असे समजून ओल्या फडक्याने पुसले, पण ती गेली नाही. नीट पाहिल्यावर लक्षात आले की बोटांच्या वरच्या भागातले खवले कडेने उचलले गेले आहेत आणि पीठ त्यांच्या खालून बाहेर येत आहे. निरोगी कोंबडीच्या पायावरचे खवले मंगलोरी कौलांसारखे एकावर एक घट्ट बसलेले असतात. इथे मात्र माकडांनी नाचून विस्कटलेल्या छपरासारखी अवस्था झाली होती.

शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी ही पायांची खरूज असल्याचे सांगितले आणि पाय रॉकेलमध्ये बुडवण्याचा सल्ला दिला. घरात जुनी बाटली होती, म्हणून मी तसे केले, आणि ती माझी चूक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तलंग खुराड्यातून बाहेरच आली नाही. पाय लालबुंद होऊन सुजले होते आणि खवल्यांच्या फटींमधली कातडी सोलवटली होती. दोन दिवस तिला डालग्याखाली वेगळे ठेवून दाणापाणी जागेवर द्यावे लागले. आता ती चालते, पण मला पाहिले की पळते, आणि तिचे चुकते असे मला म्हणवत नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. हा रोग नेमका कशाने होतो? घरच्या घरी करण्याजोगा आणि पक्ष्याला इजा न करणारा उपाय कोणता? आणि बाजारातून आणलेल्या तलंगांनी तो माझ्या जुन्या कोंबड्यांना दिला असेल, तर त्या तिघींना कायमचे वेगळे ठेवावे का?

दाणापाणी:

रॉकेलबद्दल आपण मोकळेपणाने लिहिलेत हे बरे झाले, कारण हा सल्ला अजून गावोगाव दिला जातो. त्याच जातीचे आणखी दोन उपाय ऐकू येतात, तेही इथेच नोंदवतो. एक म्हणजे गाडीचे जळके ऑइल आणि दुसरा तंबाखूचे पाणी. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाची झीज उतरलेली असते आणि कोंबडी चोचीने पाय व पिसे साफ करते, म्हणजे जे पायाला लावू ते थोडेफार तिच्या पोटात जाणारच. तंबाखूतले निकोटिन तर कातडीतूनही अंगात भिनते आणि एवढ्याशा जिवाला ते जड जाते.

मी साताऱ्याकडे बारा वर्षे गावठी पक्षी पाळतो आणि या खरजेतून दोनदा गेलो आहे. माझी रीत सांगतो. पसरट घमेल्यात हाताला सोसेल इतके कोमट पाणी घ्यावे, त्यात अंगाच्या साबणाचा थोडा फेस करावा आणि कोंबडीला काखेत धरून तिचे दोन्ही पाय दहा मिनिटे त्यात ठेवावेत. पहिली दोन मिनिटे ती धडपडते, मग उबेने डोळे मिटू लागते. खपल्या भिजून मऊ झाल्या की दात घासण्याच्या जुन्या, मऊ ब्रशने वरून खाली, म्हणजे खवल्यांच्या वाढीच्या दिशेने, हलक्या हाताने फिरवावे. जे आपसूक सुटेल तेवढेच सोडवावे. जे चिकटून आहे ते नखाने उचकटले तर खालची जिवंत कातडी उघडी पडते, रक्त येते, आणि रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्या त्याच जागी टोचायला लागतात.

पाय फडक्याने पूर्ण कोरडे करून मग तेल लावावे. मी करंजाचे वापरतो. ते नसेल तर खोबरेल, एरंडेल किंवा साधे व्हॅसलिनही चालते. बोटांच्या बेचक्यांपासून पायाची नळी संपून पिसे सुरू होतात तिथपर्यंत, पुढून-मागून, प्रत्येक खवल्याच्या कडेखाली जाईल असे चोळावे. पिसांना मात्र लागू देऊ नये, कारण तेलकट पिसे एकमेकांना चिकटून ऊब धरत नाहीत. वेळ संध्याकाळची ठेवावी. दिवसा तेल लावून सोडले तर कोंबडी थेट उकिरड्यावर जाते आणि पाच मिनिटांत पायांवर मातीचा लेप चढवून येते. अंधार पडून सगळ्या दांडीवर बसल्या की बॅटरीच्या उजेडात एकेकीला उचलावे, तेल लावावे आणि परत ठेवावे. त्या वेळी त्या विरोधही कमी करतात.

काळीमाती:

आमच्याकडे चुलीतली राख आणि माती मिसळून खड्ड्यात टाकतात आणि कोंबड्या त्यात लोळतात. त्याने उवा-पिसवा जातात असा अनुभव आहे. मग पायांची खरूज त्याने का जात नाही? आमच्या दोन कोंबड्या रोज राखेत लोळूनही त्यांचे पाय जाड झालेले आहेत.

पशुवैद्य_निवृत्त:

वरच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा रोग एका माइटमुळे होतो. त्याचे शास्त्रीय नाव नायमिडोकॉप्टिस म्युटन्स. पहिल्या शब्दातील मूळ ग्रीक अंशांचा अर्थ नडगी आणि कापणे असा आहे, म्हणजे नावातच त्याचा धंदा सांगितलेला आहे. हा कीटक नव्हे. तो गोचीड आणि कोळी यांच्या गोतावळ्यातला, आठ पायांचा, गोलसर जीव असून त्याची मादी अर्ध्या मिलीमीटरच्या आतबाहेर असते, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी ती सापडणे अवघडच. माणसाला ज्याने खरूज होते तो माइट याचा भाऊबंद आहे, त्यामुळे आपल्या लोकांनी या रोगालाही खरूजच म्हटले ते अगदी योग्य आहे. तो माइट मात्र वेगळा. कोंबडीचे पाय हाताळल्याने आपल्याला खरूज होईल अशी भीती बाळगू नये, हात साबणाने धुतले की पुरे.

हा माइट खवल्यांखालच्या कातडीत बोगदे करून राहतो आणि त्याचा सगळा जन्म तिथेच जातो. मादी अंडी बाहेर टाकत नाही, तिच्यापासून थेट पिल्लेच निपजतात आणि तीही तिथेच वाढतात. त्या खोदकामाने कातडी चिडते, तिच्यातून लस पाझरते, ती वाळून तिची पांढरट भुकटी आणि खपली होते, आणि खाली भर पडत गेली की खवले वर उचलले जातात. सुरुवात बहुधा बोटांकडून होऊन विकार वर चढतो. फार दिवस दुर्लक्ष झाले तर पाय दुप्पट जाड होतात, सांधे वळेनासे होतात, कोंबडी लंगडते, आणि काही पक्ष्यांची बोटेही झडतात. क्वचित तुऱ्यावर आणि गलोलांवरही, म्हणजे चोचीखाली लोंबणाऱ्या कातडीवरही, तो दिसतो.

राखेने उवा जातात, कारण उवा पिसांत उघड्यावर हिंडतात. पायांचा माइट कातडीच्या आत असल्यामुळे राख त्याच्यापर्यंत पोचतच नाही. राखेचा खड्डा जरूर ठेवावा, पण त्याच्याकडून या कामाची अपेक्षा करू नये. तेलाने गुण येतो त्याचे कारणही हेच आहे: ते बोगद्यांच्या तोंडात शिरते, माइटचा श्वास कोंडते आणि खपली मऊ करते. करंज की कडुलिंब की खोबरेल यावर बराच वाद घातला जातो, पण माझ्या मते यात औषधी गुणापेक्षा तेलकटपणाचा वाटा मोठा आहे, म्हणून जे स्वस्त आणि घरात असेल ते वापरावे. गंधकाचे मलमही जुने आणि चांगले औषध आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एकदा तेल लावून हा रोग जात नाही. जे माइट खोल आहेत ते पहिल्या खेपेला वाचतात आणि त्यांची पुढची पिढी तयार होत राहते. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड, नंतर आठवड्यातून दोनदा, असे निदान चार ते सहा आठवडे करावे. शिवाय ज्यांचे पाय चांगले दिसतात त्यांनाही लावावे, कारण लक्षणे दिसण्याआधी हा माइट पक्ष्याच्या अंगावर बराच काळ गुपचूप राहू शकतो.

यावरूनच आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. कडकनाथ तलंगांनी रोग आणला असे आपण गृहीत धरले आहे. हा विकार बहुधा वयस्क पक्ष्यांत आढळतो. काळ्या पायांवर पांढरी भुकटी चटकन दिसते, तर पिवळट किंवा करड्या पायांवर ती महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. आपल्या सात जुन्या कोंबड्यांपैकी सर्वांत म्हातारीचे पाय रात्री बॅटरीखाली बघावेत आणि मग दोष कुणाचा ते ठरवावे.

परसदार:

काल रात्री पाहिले. सहा वर्षांची एक तांबडी कोंबडी आहे. तिचे पाय खडबडीत आहेत हे मला दोन वर्षे ठाऊक होते, पण सासूबाई म्हणत की माणसाच्या टाचांना भेगा पडतात तसेच हे म्हातारपण, आणि मलाही ते पटले होते. काल पाय हातात घेतला तर तो जुन्या फणसाच्या सालीसारखा लागला. मागच्या बोटाच्या वर खपलीचा इतका जाड थर होता की बोट पूर्ण मिटत नव्हते. दांडीवर ती नेहमी कडेला, भिंतीला टेकून का बसते याचा उलगडा झाला. आणि आठवून पाहिले तर नव्या तलंगांपैकी जिला आधी लागण झाली ती रात्री तिच्याच शेजारी बसते.

म्हणजे बिचाऱ्या पाहुण्यांनी आजार आणला नाही, आमच्याच घरात तो मिळाला. सासूबाईंना हे सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "मग माझ्या टाचांनाही तेल लाव."

आजपासून अकराही पक्ष्यांना खोबरेल सुरू केले आहे. रॉकेलने सोलवटलेल्या तलंगेला मात्र काय करावे?

पशुवैद्य_निवृत्त:

तिची कातडी भरून येईपर्यंत ब्रश लावू नये आणि साबणाचे पाणीही नको. कोमट पाण्याने पाय धुवून, टिपून, व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. चिघळलेली जागा, दुर्गंधी किंवा पू दिसला तर दवाखान्यात दाखवावे. ते काम तेलाचे नाही.

कळकाचे_बेट:

दांड्यांकडेही पाहावे असे सुचवतो. आमच्या खुराड्यात कळकाच्या दांड्या होत्या. पेरांच्या सांध्यांत विष्ठा आणि भुकटी साचून राहायची आणि कळक चिरला की आत पोकळी मिळायची. मी त्या काढून सागाच्या, कडा गोल केलेल्या दांड्या बसवल्या, भिंतींना चुना दिला, खालचे भाताचे तूस दर पंधरवड्याला बदलायला लागलो, आणि त्यानंतर खरूज पुन्हा झाली नाही. माझ्या मते रोगाचे मूळ दांडीत असते. पक्ष्यांवर मलमपट्टी करत बसण्यापेक्षा खुराडे सुधारावे.

पशुवैद्य_निवृत्त:

आपली स्वच्छता अनुकरणीय आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. फटींत राहणारा माइट वेगळा. तो लाल माइट दिवसा दांडीच्या खाचांत लपतो, रात्री बाहेर येऊन रक्त पितो आणि पहाटे परत जातो. तिथे खुराडे हेच रोगाचे घर असते. रात्री दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद फिरवला आणि त्यावर तांबडे डाग पडले तर तो लाल माइट आहे असे समजावे. पायांचा माइट मात्र कोंबडीवरच राहतो, तिच्यापासून दूर फार काळ तग धरत नाही आणि मुख्यतः अंगाला अंग लागून पसरतो. दांडीवर पडलेल्या ताज्या भुकटीतून तो शेजारणीकडे जाऊ शकतो, म्हणून दांड्या खरवडून घासणे, चुना देणे, तूस बदलणे हे सारे करावेच. पण पक्ष्यांचे पाय तसेच ठेवून नुसत्या दांड्या बदलल्या तर नव्या सागावर जुनी खरूज बसेल.

काळीमाती:

आमच्या भागातल्या औषधांच्या एका दुकानदाराने गुरांना टोचायचे आयव्हरमेक्टिन दिले आणि "दोन थेंब पाठीवर सोडा, काम झाले" असे सांगितले. ते द्यावे का? तेल सहा आठवडे लावण्यापेक्षा ते सोपे वाटते.

पशुवैद्य_निवृत्त:

औषध या माइटवर काम करते, त्यात शंका नाही. धोका मापात आहे. सामान्यतः धरला जाणारा डोस दर किलो वजनाला ०.२ मिलीग्रॅम आहे. दीड किलोच्या कोंबडीला ०.३ मिलीग्रॅम पुरतात. गुरांसाठीच्या १ टक्का इंजेक्शनात प्रत्येक मिलीलीटरमध्ये १० मिलीग्रॅम औषध असते, म्हणजे त्या कोंबडीचा वाटा ०.०३ मिलीलीटर झाला, आणि हा आकडा एका थेंबापेक्षाही कमी आहे. "दोन थेंब" म्हणजे तिप्पट-चौपट मात्रा, तीही डोळ्यांच्या अंदाजाने. पाठीवर सोडलेले इंजेक्शन अंगात किती शिरेल याचाही भरवसा नसतो.

दुसरा मुद्दा अंड्यांचा आहे. हे औषध अंड्यात उतरते. अंडी देणाऱ्या कोंबडीला ते द्यायचे झाले तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वजन करून, पातळ करून द्यावे आणि ते सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नयेत, विकू नयेत. पाय फार जाड झालेल्या, चालता न येणाऱ्या पक्ष्यासाठी हा मार्ग योग्य आहे. साध्या लागणीत घरातली लहान मुले ज्या अंड्यांवर वाढतात त्यांत औषध मिसळण्याची घाई का करावी?

दाणापाणी:

यात एक भर घालतो. माणसांच्या खरजेचे परमेथ्रिन मलम कुणी कोंबड्यांना लावायला सांगतात. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. मांजराला ते विषासारखे आहे आणि मांजर कोंबड्यांच्याच शेजारी झोपते.

परसदार:

तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे. तलंगांचे पाय जवळपास स्वच्छ झाले आहेत, रॉकेलवालीचेही. म्हाताऱ्या तांबडीच्या खपल्यांचे थर दर दोन-तीन खेपांना पापुद्र्यासारखे सुटून येतात आणि मागचे बोट आता मिटते. ती भिंत सोडून दांडीच्या मधोमध बसू लागली आहे. मात्र खवले अजून वेडेवाकडेच आहेत. तेल काम करत नाही असे समजायचे का?

पशुवैद्य_निवृत्त:

नाही. माइट मेला तरी वाकडा झालेला खवला सरळ होत नाही. तो गळून त्याजागी नवा यावा लागतो आणि त्याला कित्येक महिने, कधी वर्षभरही लागते. सुधारणा खवल्यांच्या आकारावरून मोजू नये. नवी भुकटी येणे थांबले का, पाय हाताला गरम लागत नाही ना, ती मोकळी चालते का, हे पाहावे. फार जुन्या दुखण्यात काही खवले शेवटपर्यंत तसेच राहतात.

परसदार:

मग एक शेवटची अडचण. एक पिवळी कोंबडी खुडूक झाली आहे. परवा तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. तिच्या पायांना अजून थोडी भुकटी आहे आणि तेलाची पाळी आज आहे. अंड्यांवरून उठवून लावू का?

दाणापाणी:

कृपया लावू नका. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रे असतात आणि आतला जीव त्यांतूनच श्वास घेतो. कोंबडी दिवसभर पायांनी अंडी हलवते, फिरवते. तिच्या पायांचे तेल कवचावर चढले की छिद्रे बुजतात आणि पिल्लू आतल्या आत मरते. मी पहिल्या वर्षी हे करून बसलो आहे. नऊ अंड्यांतून दोनच पिल्ले निघाली, आणि उरलेली फोडली तेव्हा त्यांची कवचे अजून हाताला बुळबुळीत लागत होती.

पशुवैद्य_निवृत्त:

योग्य सल्ला. एकवीस दिवस तेल बंद ठेवावे. ती दाण्यापाण्यासाठी उठते तेव्हा आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने पाय धुवावेत आणि अगदी कोरडे झाल्यावरच तिला परत बसू द्यावे. पाण्यात कोमटपणाशिवाय काही नको. अंडी ठेवून दोनच दिवस झाले आहेत, तेव्हा दुसरी एखादी स्वच्छ पायांची कोंबडी खुडूक असेल तर आज रात्री अंधारात अंडी तिच्याखाली सरकवणे सर्वांत उत्तम, कारण पिल्ले निघाली की ती आईच्या पायांतच वावरतात.

परसदार:

खुडूक असलेली दुसरी एकच आहे, आणि ती म्हणजे रॉकेलवाली तलंग. पहिल्यांदाच खुडूक झाली आहे. तिचे पाय स्वच्छ आहेत आणि आठ दिवसांपासून तेलही लावलेले नाही. रात्री अंडी तिच्याखाली ठेवायला जातो. मला जवळ येऊ देते की नाही ते पाहायचे. नाही तर सासूबाईंना पाठवावे लागेल.